मामीच्या तुंबीतली मोहरी

पुणे

आमच्या घरात अक्षरांच्या आधी मोहरी आली. वडील पलटणीत माळी होते. साहेबांच्या बंगल्यांभोवती गुलाब लावायचे आणि पलटण हलली की कुदळ खांद्यावर टाकून तिच्यामागे जायचे. एलिचपूरच्या छावणीत असताना त्यांनी वऱ्हाडातल्या हिवरखेडच्या एका शेतकऱ्याची मुलगी केली. तीच माझी आई. पुण्याला परतल्यावर थोड्याच वर्षांत वडील तापाने गेले. मागे उरलो आई, मी, धाकटी बहीण आणि नदीकाठचा खंडाने घेतलेला भाजीचा एक तुकडा.

भाजीवर आमचं पोट अर्धंच भरायचं. उरलेलं भरलं ते मोहरीने. आईने लग्नानंतर येताना माहेरची मोहरी आणली होती. दाणा बारीक, काळपट तांबूस, बाजारातल्या मोहरीच्या निम्माही नाही. वांग्यांच्या वाफ्यांच्या कडेने ती दर वर्षी ही मोहरी पेरायची. पीक आलं की दाण्यांना तेलाचा हात लावून उन्हात तापवायची, जात्यावर हलक्या हाताने भरडायची आणि साल पाखडून पिवळी डाळ वेगळी काढायची. चैत्र-वैशाखात घरोघर कैरीची लोणची पडू लागली की बायका तिच्या टोपलीची वाट बघत बसायच्या. भरडायच्या दिवशी आमच्या खोलीत कोणाचेच डोळे कोरडे नसत. शेजारीण दारातून विचारायची, "कोण गेलं ग?" आई जातं न थांबवता म्हणायची, "कोणी नाही. मोहरी आहे." मी पाढे पाठ केले ते असे रडत रडत. शाळेच्या मास्तरांची बरेच दिवस समजूत होती की या पोराचे डोळे आलेले असतात.

त्याच जात्यावर मी शाळा केली, कॉलेज केलं आणि बी. ए. झालो. आमच्या आळीत बी. ए. झालेला मी पहिला. हे मी लपवणार नाही. लपवायचं असतं तर इतकं शिकलो कशाला?

पण मी परीक्षेच्या अभ्यासात होतो त्याच हिवाळ्यात आईच्या मोहरीवर मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड, पडली. राखून ठेवलेलं बी तिने पुन्हा पेरलं, तेही माव्याने चाटून नेलं. त्या उन्हाळ्यात तिला बाजारची मोहरी आणून भरडावी लागली. एका वाड्यातल्या बाईंनी डाळ नखावर घेऊन जिभेला लावली आणि सहज विचारलं, "काय ग, हात बदलला का?"

आईने घरी येऊन टोपली कोपऱ्यात ठेवली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मला शाळेत मास्तरकी मिळायची होती. मी म्हणालो, "आता पगार येईल. जातं सोड तू."

"सोडीन की," ती म्हणाली. "पण चांगलं दळता दळता सोडीन. हिची मोहरी बिघडली म्हणून बायकांनी सोडायला लावली, असं नाही व्हायचं. तू हिवरखेडला जा. आमच्या घरी चुलीच्या वर तुंबी टांगलेली असते. तीत माझं बी आहे. मार्गशीर्ष उलटायच्या आत आण, नाहीतर पेरून उपयोग नाही."

दिवाळी झाली आणि मी निघालो. अंगात कॉलेजचा काळा कोट, पायांत साहेबी जोडा. तो जोडा मी बक्षिसाच्या रकमेतून घेतला होता, आणि पुढे त्याचं काय झालं ते त्या त्या ठिकाणी सांगतो.

अकोला

भुसावळपर्यंत आगगाडी होती. तिथून बैलगाडी. गाडीत बसून पाठ कशी दुखते हे ज्यांना कळायचं आहे त्यांनी स्वतः जावं, मी त्यात वेळ घालवत नाही.

पण रस्ता सांगण्यासारखा आहे. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि सगळ्या जगाला एकाएकी वऱ्हाडची आठवण झाली. जिकडे बघावं तिकडे कापसाच्या गाड्या. दोन्ही बाजूंच्या बाभळींनी जाणाऱ्या प्रत्येक गाडीतून ओरबाडून कापूस घेतलेला. काटेरी झाडं पांढरी फुलल्यासारखी दिसत. वाट चुकायची सोयच नव्हती, पांढऱ्या बाभळी धरून जायचं.

पुण्यात आम्ही ऐकलं होतं की वऱ्हाडातले शेतकरी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवतात. मी मुद्दाम खाली वाकून चाकं बघत होतो. सगळी लोखंडाची निघाली. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं मात्र खरोखर पाहिली. आणि एक गृहस्थ ऊन नसताना रेशमी छत्री उघडून गाडीत बसलेले पाहिले. गाडीवान म्हणाला, "ऊन नसलं म्हून काय झालं? छत्री तर हाय ना."

अकोल्याच्या बाजारात उतरलो तेव्हा मनात आलं, बी इथेच मिळालं तर हिवरखेड गाठायलाही नको. किराण्याच्या दुकानात गेलो आणि मोहरी मागितली. आईची मोहरी ओळखायची रीत अशी: दाणा दाढेखाली फोडायचा आणि थांबायचं. आधी काहीच लागत नाही, जरा कडवटपणा येतो. मग एकदम नाकात चढते, कपाळात जाते आणि डोळ्यांतून उतरते. बाजारची मोहरी जिभेवरच बसून राहते. मी एका पोत्यातला दाणा चावला, थांबलो, मान हलवली. दुसऱ्या पोत्यातला चावला, थांबलो. तिसऱ्या पोत्याकडे वळलो तेव्हा दुकानदाराने तराजू खाली ठेवला.

"काहून भाऊ, घ्याची हाय का नुसती खाची हाय?"

मी त्याला बारीक मोहरीचं सांगितलं. तो म्हणाला, "ते आता कोण पेरते? साऱ्या वावरात पऱ्हाटी, नुसता कापूस. अन् जे थोडी येते ते बाया नेते."

"लोणच्याला?"

"लोणच्याले नाही हो. नजर काढाले. कापूस घरात आला का नजर आली. सकाळी कापसाची काढते, दुपारी बैलाची काढते, सांजच्याले घरधन्याची. तुमी कोटवाले लोक, तुमाले नाही समजायचं."

मी समजूत काढण्याच्या भानगडीत पडलो नाही. हिवरखेडला रिकाम्या हातांनी जायला नको म्हणून त्याच्याकडची जाड मोहरी मात्र शेरभर बांधून घेतली. बी मागायचं तर बदल्यात काही द्यावं, एवढं मला कॉलेजात न शिकताही कळत होतं.

हिवरखेड

हिवरखेड मोठं गाव आहे. उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, आणि तिच्या पायथ्यापासून गावाच्या वेशीपर्यंत काळी जमीन. त्या काळ्यावर पांढरी बोंडं. आमच्याकडे शेत म्हणजे तुकडा, बांध, विहीर, पुन्हा तुकडा. इथे डोळा थकेपर्यंत एकच वावर.

किसनमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. उंच, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या दंडावर थाप मारायची सवय. मामी तुळसाबाई ठेंगणी, कपाळभर कुंकू आणि आवाज असा की वावरात उभी राहून घरच्या कुत्र्याला हाकलेल. मी वाकून नमस्कार केला आणि म्हणालो, "मामी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

ती इकडेतिकडे बघू लागली. "कोणाले म्हणते रे हा? माह्यामागं कोणी हाय का?"

मामा हसत सुटला. वऱ्हाडात घरच्या माणसाला 'तुम्ही' म्हटलं की ते माणूस परकं झालं. आम्हा पुणेकरांना त्यांचं बोलणं तोडून टाकल्यासारखं वाटतं, आणि त्यांना आमचं बोलणं दारातून परत पाठवल्यासारखं. मी लगेच 'तू'वर आलो, आणि तेव्हाच मला जेवायला बसवलं.

ज्वारीची भाकर थाळीएवढी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी. विहिरीचं पाणी चवीला खारट, त्या सगळ्या पट्ट्यात तसंच आहे. मी दोन घोटांनंतर थांबलो तशी मामी म्हणाली, "पी, पी. मीठ वाचते." आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करतात. इथे आग्रह नव्हता, थाळी रिकामी दिसली की भाकर येऊन पडत होती. नको म्हणायची संधी मला भाकर पडल्यावर मिळायची.

जेवताना वर पाहिलं. चुलीच्या वरच्या आढ्याला, धुराने काळीभोर झालेली, वाळक्या भोपळ्याची तुंबी लोंबत होती. आईने सांगितली तश्शीच. मी हात धुऊन बोलायला तोंड उघडणार तोच मामी उठली, तुंबी काढली, मूठभर मोहरी ओंजळीत घेतली, तीत मीठ आणि दोन लाल मिरच्या घातल्या आणि ओसरीवर गेली. ओसरीला लागून छतापर्यंत कापूस भरलेला होता.

"आल्याची, गेल्याची, पाहणाऱ्याची, न पाहता जळणाऱ्याची," असं पुटपुटत तिने ओंजळ कापसावरून उतरवली आणि अंगणातल्या खापरातल्या निखाऱ्यांवर टाकली. मोहरी अशी तडतडली की गोठ्यातला बैल उठून उभा राहिला.

"आयकलं का?" मामीचा चेहरा फुलला. "केवढी नजर होती. सारं हिवरखेड जळून राहिलं आपल्यावर."

आईची वर्षभराची पेरणी त्या खापरात उडत होती आणि मी हात बांधून उभा होतो.

मी सगळं सांगितलं. मावा, आईची टोपली, त्या बाईंचा प्रश्न. मामीने ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत पाणीही आलं, पण ते मिरचीच्या धुराचंही असेल.

"तुही माय माही नणंद हाय, मले का दया नाही?" ती म्हणाली. "पण भाशा, हे शेवटचं हाय. दोन साल झाले, तुह्या मामानं मोहरीच्या जागी बी पऱ्हाटी लावली. आता कापूस विकेपर्यंत मले पुरली पाहिजे. उघडा कापूस नेला अन् बाजारात काही झालं, तं तूच म्हणशील का मामीनं नजर नाही काढली."

मी असं कधीच म्हटलं नसतं. अकोल्याची मोहरी पुढे केली. "ही घे. ही जाळ, आणि ती मला दे."

मामीने अकोल्याची चिमूट निखाऱ्यावर टाकली. ती नुसती फसफसली आणि काळी पडली. आम्ही तिघे खापरात वाकून बघत होतो.

"मुकी हाय," मामी म्हणाली. "मुक्या मोहरीले नजर काय सांगणार?" आणि तुंबी परत आढ्याला टांगली.

रात्री मामाने मला बाजूला घेऊन दंडावर थाप मारली. "भाशा, कापूस विकाले आमी अमरावतीले जाऊन राहिलो. तुही मामी अंबादेवीच्या दर्शनाले येते, म्हणजे तुंबी बी येते. तू बी चाल. कापूस विकला का जे उरलं ते तुहं. मी सांगतो तिले."

"आणि उरलं नाही तर?"

"तं तू देवीले सांगजो," मामा म्हणाला.

अमरावतीच्या वाटेवर

कापसाचा बाजार खामगावलाही आहे आणि ते जवळ पडतं, पण मामाचा अमरावतीवर हट्ट होता. गाड्या कापसाने इतक्या उंच भरलेल्या की मामी वर बसली तर झाडाच्या फांदीला हात लावू शकत होती. तिने तुंबी मांडीत घेतली होती. मी मागून चालत तुंबीकडे बघत होतो.

प्रत्येक मुक्कामाला तेच. गाड्या सोडल्या की मामी उतरायची, ओंजळ भरायची, गाड्यांभोवती फिरायची. वाटेतल्या गावची माणसं मुकाट बघत उभी राहायची, आणि ती बघताहेत म्हणून मामी आणखी चिमूटभर जास्त घ्यायची. मी एकदा म्हणालो, "मामी, इथे तर आपल्याला कोणी ओळखतही नाही."

"म्हूनच तं. अनोळखीची नजर लय वाईट."

एका मुक्कामाला मामाने शेणाच्या गोवऱ्यांवर रोडगे भाजले. कणकेचे गोळे राखेत खरपूस होतात, मग ते फोडून त्यांत तूप. सोबत वांग्याची झणझणीत भाजी. तशी चव मला पुण्यात कधी मिळाली नाही, मी उघड सांगतो. त्या दिवशी मी मामीकडून अगदी थोडी मोहरी मागून घेतली, दगडावर गोड्या पाण्याच्या थेंबांत आईसारखी फेसली, मीठ घातलं आणि मुळ्याचे काप तीत कालवले. पाणी गरम असलं तर मोहरी चढत नाही, गार पाण्यात बराच वेळ घासावी लागते, तोंड वळवून.

"बी. ए. झालेला माणूस मोहरी फेसून राहिला," गाडीवान आपापसांत म्हणाले. "आता चाकरी कोणती लागन याले?"

मामीने एक काप तोंडात टाकला. थांबली. मग नाक दाबून धरलं आणि डोळे मिटले. शेवटी पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुही माय माहेरी आली का अशीच करे. आमच्या नाकातून पाणी काढून मंग हसे." तिने तुंबी हातात घेऊन हलवली. आतला आवाज आधीपेक्षा पातळ झाला होता. तो तिलाही ऐकू आला.

पूर्णा नदी उतरताना काळ्या चिखलात माझा उजवा पाय रुतला. पाय वर आला, जोडा आला नाही. मामाने काठीने बराच वेळ शोधला. त्या मातीने एकदा घेतलेलं परत देण्याची पद्धत नाही. मी उरलेला डावा जोडा कोटाच्या खिशात कोंबला आणि मामाच्या जुन्या वहाणा घातल्या. त्या कोटाखाली शोभत नव्हत्या, पण पायाला छान होत्या.

अमरावती

अमरावतीचा कापसाचा बाजार मी शब्दांत किती सांगू? मोकळ्या मैदानात गाड्याच गाड्या, मधे कापसाच्या गंज्या, हवेत तंतू उडताहेत, प्रत्येकाच्या मिशांना पांढरं लागलेलं. तरणे म्हातारे दिसत होते. मारवाडी, बोहरी, एखादा गोरा साहेब, सगळे कापसात हात खुपसून बोटांनी धागा ओढून बघत होते. भाव ठरवायचा झाला की रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबत. वर तोंडं अगदी कोरी.

मामाच्या कापसाचं माप दुसऱ्या दिवशी होतं. आम्ही गाड्या लावल्या. शेजारी चांदूरचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांची घरधनीण सखूबाई, मामीच्याच वयाची आणि मामीइतकीच आवाजाची.

दिवस मावळायला आला तसं मैदानात जागोजागी खापरं पेटली. घराघरातली बाई आपापल्या गाडीभोवती फिरू लागली. मला ते सगळं मैदान एका मोठ्या फोडणीसारखं वाटलं. मामीची मोहरी निखाऱ्यावर पडली आणि तिचा ताशा वाजला. सखूबाईच्या खापरातून नुसता धूर.

सखूबाईचं तोंड उतरलं. "का वं बाई, तुमच्या कापसाले एवढी नजर, अन् आमच्याकडं कोणी पाहूनच नाही राहिलं?"

मामीला असा मान आयुष्यात मिळाला नसेल. "तुह्या कापसाले बी असन वं. तुही मोहरी मुकी हाय. हे घे माही," म्हणत तिने तुंबी उघडली. मी "मामी!" म्हणेपर्यंत चिमूट गेली. सखूबाईचं खापर तडतडलं, ते ऐकून पलीकडच्या गाडीवरची बाई आली, तिच्यामागून आणखी कोणी. मामी वाटत होती. मी मामाकडे पाहिलं. मामाने आभाळाकडे पाहिलं.

सखूबाईचं एका चिमटीने भागलं नाही. तिने मामीची पाठ वळलेली बघून मूठ भरली, गाडीवरून उतरवली आणि सगळीच्या सगळी निखाऱ्यांवर आपटली. खापरात बार उडाला. एक निखारा उडून तिच्याच सुट्या कापसाच्या कडेला पडला, आणि पांढऱ्यावर तांबडी कड सरकू लागली.

कापसाची आग आधी आवाज करत नाही. मी जवळ होतो. अंगातला कोट काढून त्यावर टाकला आणि वर स्वतः बसलो. मामाने घोंगडी आणली, गाडीवानांनी पाण्याच्या घागरी माझ्यासकट सगळ्यावर रिकाम्या केल्या. विझली. नुकसान म्हणाल तर सखूबाईचा ओंजळभर कापूस, मामाची घोंगडी आणि माझा कोट. कोटाच्या पाठीला मोठं भोक पडलं होतं. खिशातला डावा जोडा सुखरूप होता.

"भाशा," मामा म्हणाला, "तुह्या कॉलेजानं आज चांदूरचा कापूस वाचवला."

बाजाराचा चौकीदार धावत आला. त्याने प्रत्येक खापर पायाने उलटं केलं आणि बजावलं, "आता मैदानात विस्तव दिसला तं गाडी बाहेर. नजर काढा का नका काढू."

मामी गाडीच्या चाकाशी बसली. "उद्या माप, अन् कापूस असाच उघडा," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. मला तिची थट्टा करावीशी वाटली नाही. तिच्या वर्षभराच्या कष्टांवर लोकांचे डोळे होते, ही गोष्ट खरीच होती. तिने त्यावर तिच्या परीने झाकण घातलं होतं.

"विस्तवाबिगर दुसरं काही चालत नाही का?" मामाने विचारलं.

"चालते. माही सासू सांगे. विस्तव नसला तं ओवाळून मातीत पुराची. पण आपल्या वावरापासून दूर, नदीच्या पल्याड. मंग नजर परत नाही येत."

सखूबाई ओल्या पदराने तोंड पुसत म्हणाली, "बाजाराच्या मागं पुर ना."

"तथी साऱ्या वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या हायेत. एकाची काढून दुसऱ्याले लावू का?"

मी ओल्या धोतराने उभा होतो. मला थंडी वाजत होती आणि तरी ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "मामी, मातीतच पुरायची आहे, तर पुण्याच्या मातीत पुरू."

मामीने मान वर केली. "किती नद्या लागते रे वाटेत?"

भूगोल मी मन लावून केला होता. त्याचा इतका उपयोग पुढे शाळेतही झाला नाही. "पूर्णा आहे. मग गिरणा. मग गोदावरी. मग दोन घाट, आणि घाटांच्या पलीकडे पुणं."

"गोदावरी?"

"गोदावरी ओलांडूनच जावं लागतं."

"गोदावरीच्या पल्याडून तं नजर येऊच शकत नाही," सखूबाई म्हणाली. ती आता आमच्या बाजूला आली होती.

"अन् तुही माय," मामीने हळू विचारलं, "ते पुरन का नीट?"

"नीट पुरेल. पाणी घालेल. राख टाकेल."

मामी खुदकन हसली. तिला सगळं कळलं होतं, आणि मलाही कळलं होतं की तिला कळलं आहे. पण तिने पद्धत सोडली नाही. तुंबी दोन्ही हातांत धरून ती प्रत्येक गाडीभोवती फिरली, आल्याची, गेल्याची, पाहणाऱ्याची, न पाहता जळणाऱ्याची सगळी नजर तीत घेतली, आणि तुंबी माझ्या उपरण्यात बांधली. आत जेमतेम दोन मुठी उरल्या होत्या.

"आता निघाला का मागं वळून पाहाचं नाही," ती म्हणाली. "पाहिलं तं सारं फुकट."

सकाळी माप झालं. मामाच्या मनासारखा भाव मिळाला आणि त्याने अडत्याच्या दंडावर थाप मारली. मी निघालो. बाजाराच्या तोंडाशी आलो असेन, मागून मामाची हाक आली.

"भाशा, तुहा जोडा राहिला रे गाडीत!"

मी मान वळवली नाही. बी. ए. माणसाने दृष्ट लागण्यावर विश्वास ठेवू नये, मी ठेवतही नाही. पण मामीला मी शब्द दिला होता, आणि एका जोड्याचं मी करणार तरी काय होतो? मागे मामी मामाला ओरडत असलेली ऐकू आली, "हाका काहून मारून राहिले? पाहीन ना तो मागं!"

परत पुणे

मार्गशीर्ष अजून शिल्लक होता. आईने आधी माझ्या पायातल्या वहाणा पाहिल्या, मग कोटाचं भोक, मग तुंबी. एक दाणा काढून तिने दाढेखाली फोडला आणि थांबली. डोळे भरून आले तेव्हा म्हणाली, "तीच आहे."

मी तिला सांगितलं की या बियात सगळ्या हिवरखेडची नजर आहे, थोडी चांदूरचीही असेल. सखूबाईचं सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "मग तर तिखट होईल," म्हणाली.

दुसऱ्या सकाळी आम्ही दोघांनी ती वाफ्यांच्या कडेला मातीत घातली. आईने पाणी घातलं. मावा दिसू लागला तेव्हा राख टाकली, रोज, पहाटेचं दव असताना. पौषात कडेने पिवळी फुलं आली. उशिराची पेरणी, झाडं गुडघ्याएवढीच, पण शेंगा भरल्या. फाल्गुनात मोहरी निघाली. त्यातली नवी तुंबी भरून मी पुण्याच्या एका कापसाच्या दलालाबरोबर हिवरखेडला पाठवली. त्याच्याकडून मामाचा निरोप आला. विहिरीजवळ मामीने पऱ्हाटी उपटून मोहरीची जागा केली आहे, आणि माझा जोडा चुलीवर जुन्या तुंबीच्या खिळ्याला टांगला आहे.

चैत्रात आईने स्वतःच्या मोहरीची डाळ भरडली आणि टोपली डोक्यावर घेऊन तिच्या नेहमीच्या सगळ्या घरी दिली. त्या वाड्यातल्या बाईंनी नखावर घेऊन जिभेला लावली, नाक दाबलं, आणि म्हणाल्या, "आली ग तुझी मोहरी."

आषाढ लागताच आईने जातं धुतलं, पुसलं आणि भिंतीला लावून उभं केलं. पुढच्या पेरणीचं बी चुलीवर टांगलं आहे, घरापुरतं. आई आता विकायला दळत नाही. ते तिने आपल्या मर्जीने सोडलं.